खदानीतली एसी मशिनरी शिकायचीय? एका मोटरच्या नेमप्लेटपासून सुरू करा

आयटीआय करून वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) खदानीत अप्रेंटिस लागलेली पोरं भेटली की एकच गोष्ट सांगतात, काम जमतंय पण एसी (अल्टरनेटिंग करंट) थिअरी डोक्यात बसत नाही. चंद्रपूर-वणी पट्ट्यात मी बरीच वर्षं हेच काम केलंय आणि माझं म्हणणं एवढंच, की दोन्ही वेगळं शिकूच नका. एक मोटर पकडा आणि सगळी थिअरी तिच्यातूनच काढा.

समजा नेमप्लेटवर लिहिलंय ३७ किलोवॅट (म्हणजे ५० एचपी), ५५० व्होल्ट, ५० हर्ट्झ, १४७५ आरपीएम, आणि मोटर ४ पोलची आहे. आता वही काढा. १२० गुणिले ५० भागिले ४ पोल, १५०० आले, ही सिंक्रोनस स्पीड, मोटर २५ ने मागे आहे ती स्लिप. मग करंट, ३७००० ला १.७३ × ५५० × पॉवर फॅक्टर × एफिशियन्सी याने भागा, ०.८५ आणि ०.९ धरले तर साधारण ५१ अँपिअर. आता पूर्ण लोडवर चालू असलेल्या मोटरवर तिन्ही फेजला टाँगटेस्टर (वायरला चिमट्यासारखा लावायचा करंट मीटर) लावून बघा किती येतो. वहीतला आकडा आणि मीटरचा आकडा जुळला ना की थिअरीची भीती तिथंच अर्धी जाते, हे मी कित्येक पोरांच्या बाबतीत बघितलंय.

पण खरी थिअरी कळते स्टार्टिंगला. डायरेक्ट स्टार्ट केली की मोटर सहापट करंट ओढते, म्हणजे ३०० च्या वर. एका ओपनकास्टमध्ये (उघड्या खदानीत) ऐन पावसाळ्यात संपचा (पाणी साचायच्या खड्ड्याचा) पंप पिकअपच घेईना, ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) ट्रिप व्हायचा, कुणीतरी रिलेचं सेटिंग वाढवून दिलं आणि मोटर जळली, दुसरी लावली तर तीही तसंच करायला लागली. मी व्होल्टेज मोजलं तर ५५० बरोबर होतं. आमचे फोरमन म्हणाले, बंद असताना काय मोजतोस, स्टार्ट होताना मोज. मोजलं तर पंपापाशी ४४०! केबल २५ स्क्वेअर एमएमची आणि सहाशे मीटर लांब, तेवढ्या करंटला शंभरावर व्होल्ट केबलच खात होती. आणि टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, व्होल्टेज ८० टक्के झालं की टॉर्क ६४ टक्क्यांवर येतो, मग पंप उचलणार कसा? ट्रान्सफॉर्मर जवळ सरकवला, डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून स्टार्ट करायला लावलं (सेंट्रिफ्युगल पंप तेव्हा कमी लोड घेतो), आणि प्रॉब्लेम संपला. म्हणून रिलेचं सेटिंग वाढवायच्या आधी केबलच्या शेवटच्या टोकाला जाऊन मोजा, प्लीज.

जळालेली मोटर पण फेकायच्या आधी उघडून बघा. स्टार वाइंडिंगमध्ये दोन फेज काळे आणि एक चांगला, किंवा डेल्टामध्ये एकच फेज काळा दिसला तर सिंगल फेजिंग (तीनपैकी एक फेज तुटून मोटर दोनवर चालणं) समजा, फ्यूज, कॉन्टॅक्टर, लूज लग तपासा नाहीतर नवीन मोटरही जाईल. मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) करताना केबल आणि मोटर वेगळी करून मारा, सॉफ्ट स्टार्टर असेल तर आधी तो काढा, १ मेगाओहमच्या खाली आलं तर चालू करायचं नाही. आणि तारखेसकट लिहून ठेवा, कारण गेल्या महिन्यात ५० होतं आणि आज ५ आलं, ही घसरणच सगळं सांगते.

आता अर्थिंग, इथं मात्र कुठलीही सवलत नाही. ५५० व्होल्टला आपल्याकडे न्यूट्रल रेझिस्टन्समधून अर्थ केलेला असतो, म्हणजे केबल फाटून अर्थ फॉल्ट झाला तरी करंट ७५० मिलिअँपिअरच्या आत राहतो आणि अर्थ लीकेज रिले लाइन पाडतो. ट्रेलिंग केबलमध्ये (चालत्या मशीनमागे ओढली जाणारी केबल) पायलट कोर (कंट्रोलची बारीक वायर) असतो, तो किंवा अर्थ तुटला की गेट एंड बॉक्स (मशीनला सप्लाय देणारा स्विच बॉक्स) लागतच नाही. प्रॉडक्शन थांबलंय म्हणून पायलट बायपास कर असं कुणी म्हणालं तरी करू नका, त्या मशीनला हात लावून उभा असलेला माणूस आपलाच असतो.

अंडरग्राउंडला फ्लेमप्रूफ बॉक्स असतात. फ्लेमप्रूफ म्हणजे आत स्फोट होणार नाही असं नव्हे, झाला तरी ज्वाला बाहेरच्या मिथेनपर्यंत पोचणार नाही असं. म्हणून एकही बोल्ट कमी नको, फ्लँजला रंग नको, गॅप फीलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) तपासायची, आणि सप्लाय चालू असताना बॉक्स उघडायचाच नाही. मिथेन १.२५ टक्क्यांच्या वर गेला की सप्लाय बंद.

आणि शटडाउन घेताना स्वतः आयसोलेट करा, स्वतःचं कुलूप लावा, चावी आपल्याच खिशात, टॅग लावा. मग टेस्टर आधी चालू लाइनवर बघा, मग आपल्या लाइनवर, मग परत चालू लाइनवर, कारण टेस्टरच मेलेला असेल तर सगळ्याच लाइन मेलेल्या दिसतात. त्यानंतर डिस्चार्ज करून अर्थ लावा, आणि मगच पाना हातात घ्या.