कासवांच्या पुळणीवर माणसांची वाट कशी आखावी

कोकणातील ऑलिव्ह रिडले कासवांचे विणीचे किनारे सलग नाहीत. वेळास, आंजर्ले, गावखडी या पुळणी खाड्यांनी आणि कातळी भूशिरांनी एकमेकींपासून तुटलेल्या असल्यामुळे प्रत्येकीचे नियोजन स्वतंत्रपणे करावे लागते.

नोव्हेंबर ते मार्च या काळात रोज पहाटे भरतीरेषेच्या वरचा पट्टा चालून मादीच्या खुणा नकाशावर नोंदवाव्यात आणि त्यानंतरच पर्यटकांची वाट ठरवावी. गावातून उतरणारी एकच पायवाट ठेवावी आणि ती मर्यादवेलीचा पट्टा सर्वांत अरुंद जागी ओलांडणारी असावी, कारण ही वेल वाळू धरून ठेवते व ती तुडवली गेली की वाळूचे टेकाड ढासळू लागते. वाहने वाळूवर मुळीच येऊ देऊ नयेत. चाकांच्या चरांत पिल्ले अडकतात. विणीच्या पट्ट्यात सुरूची नवी लागवडही, हेतू कितीही चांगला असला तरी, टाळावी.

प्रकाशाबाबत तडजोड नको. पिल्ले उजळ क्षितिजाकडे वळतात, त्यामुळे किनाऱ्यालगतचे दिवे हंगामात बंद ठेवावेत किंवा जमिनीकडे झुकवून झाकावेत.

घरटे शक्यतो जागीच राखावे. भरतीचा किंवा कुत्र्यांचा धोका असेल तेव्हाच वन विभागाच्या देखरेखीखाली अंडी कुंपणातील हॅचरीत (अंडी उबवण्याच्या सुरक्षित जागेत) हलवावीत. हे कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये असल्याने परस्पर हात लावता येत नाही. पिल्ले सोडताना दोन्ही बाजूंना दोरी बांधून प्रेक्षकांना तिच्यामागे उभे करावे आणि फ्लॅश बंद करवून घ्यावा.