नदीच्या अलीकडे की पलीकडे? गोव्यात नव्याने राहायला येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी

नोकरीनिमित्त गोव्यात येणाऱ्या माणसाला, विशेषतः तो पुण्या-मुंबईहून येत असेल तर, पहिला प्रश्न पडतो तो कोणत्या शहरात आणि त्याच्या कोणत्या भागात राहावे हा. येथे या प्रश्नाची मांडणीच थोडी बदलावी लागते. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या या राज्यात महानगर म्हणावे असे एकही शहर नाही. राजधानी असलेल्या पणजीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत अवघी चाळीस हजारांच्या आसपास होती. तरीही त्याच जनगणनेनुसार राज्यातील सुमारे ६२ टक्के लोक नागरी भागात राहत होते. पणजी, पर्वरी, म्हापसा, फोंडा, मडगाव आणि वास्को यांच्यामध्ये रोजची ये-जा इतकी आहे की एकाच घरातील माणसे एका ठिकाणी राहतात, दुसरीकडे नोकरी करतात आणि मुलांना तिसरीकडे शाळेत पाठवतात. म्हणून नव्या माणसाने या साऱ्याकडे मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांनी तोडलेले एकच मोठे शहर म्हणून पाहावे आणि घर शोधताना भाड्याच्याही आधी एक गोष्ट ठरवावी: रोज नदी ओलांडायची की नाही.

नकाशावर हा मुद्दा क्षुल्लक वाटतो. पणजी आणि पर्वरी ही समोरासमोरची ठिकाणे आहेत. परंतु मांडवीवरचा जुना पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, तेव्हा पलीकडच्या तीरावर राहणाऱ्यांचे सगळे जगणे फेरीबोटीच्या वेळांवर येऊन पडले, आणि जुने पणजीकर त्या दिवसांविषयी अजून बोलतात. आज तेथे जानेवारी २०१९ मध्ये खुला झालेला अटल सेतू धरून तीन पूल आहेत. तरीही कार्यालयांच्या वेळेला पर्वरीच्या बाजूने खोळंबा होतो, आणि पर्वरीतील उड्डाणपुलाचे काम निघाल्यापासून तो किती होईल याचा अंदाज बांधणेही कठीण झाले आहे. जुवारीवर मात्र परिस्थिती खरोखर पालटली. तेथील नव्या पुलाची एक बाजू डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरी त्यानंतर वर्षभराने सुरू झाली, त्यामुळे कुठ्ठाळीला तासन्तास अडकून पडण्याचा जुना अनुभव आता बराच विरळ झाला असून मडगावात राहून पणजीत नोकरी करणे शक्य कोटीत आले आहे. फोंडा आणि मडगाव यांना जोडणारा बोरीचा पूल अजून जुना आणि अरुंद आहे. त्याच्यावर विसंबून रोजचा प्रवास आखू नये.

तेव्हा आधी नोकरीचे ठिकाण नकाशावर ठेवावे. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, विशेषतः औषध कंपन्यांत, येणाऱ्यांनी मडगाव किंवा वास्कोच्या बाजूला राहावे. कुंडईला जाणाऱ्यांनी फोंडा पाहावा. मोप्याचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून त्या बाजूला नोकरीला येणाऱ्यांसाठी म्हापसा आणि पेडणे सोयीचे झाले आहे. पाटोवरील कार्यालये, बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय, ताळगावच्या पठारावरील विद्यापीठ आणि दोनापावल्याची समुद्रविज्ञान संस्था येथे काम करणाऱ्यांनी परवडत असेल तर तिसवाडीच्या, म्हणजे पणजीच्याच तालुक्याच्या, बाहेर जाऊ नये. पती-पत्नी दोघेही नोकरी करणारे असतील आणि ठिकाणे दोन दिशांना असतील, तर मधले ठिकाण शोधण्यापेक्षा ज्याच्याकडे स्वतःचे वाहन नाही किंवा ज्याची पाळी उशिरा सुटते त्याच्या जवळ घर घ्यावे, असा माझा आग्रह असतो. कदंब या सरकारी परिवहन महामंडळाच्या आणि खाजगी बसगाड्या दिवसा भरपूर असल्या तरी रात्री आठनंतर त्या झपाट्याने विरळ होतात, रविवारी तर दिवसाही वाट पाहावी लागते. आणि मुंबईप्रमाणे हात केला की रिक्षा थांबेल, ही अपेक्षा येथे सोडून द्यावी. मोटारसायकलवरून नेणारे पायलट शहरांतल्या जवळच्या अंतरासाठी उपयोगी पडतात, पण सामान आणि लहान मूल बरोबर असताना त्यांचा उपयोग नाही.

पणजीतील भागांविषयी थोडक्यात सांगायचे तर मिरामार, करंजाळे आणि दोनापावला येथील भाडी नोकरदाराला सहसा झेपत नाहीत. ताळगाव त्यामानाने मोठे असून तेथे सदनिका पुष्कळ आहेत, मात्र तेही आता स्वस्त राहिलेले नाही. मळा, भाटले आणि सांतिनेज हे भाग बाजाराला चिकटून असल्याने वृद्ध माणसे घरात असतील तर सोयीचे पडतात. त्यातील सखल गल्ल्यांत पावसाळ्यात पाणी शिरते, हे गृहीत धरावे. मेरशी आणि सांताक्रूझ येथे तुलनेने कमी भाड्यात घर मिळते. रायबंदर मला स्वतःला फार आवडते, कारण पणजीच्या इतके जवळ असूनही ते पणजीच्या घाईत सापडलेले नाही. तेथून समोर चोडणला जाणारी फेरीबोट सुटते. चोडण किंवा दिवाडीसारख्या बेटावर राहण्याचा मोह काहींना होतो. पादचाऱ्याला फेरीचे भाडे पडत नाही, हे खरे. रात्री अचानक दवाखाना गाठावा लागला तर काय, याचा विचार करूनच तो मोह पुरा करावा.

पर्वरी हे सरकारी आणि बँक कर्मचाऱ्यांचे आवडते ठिकाण आहे. विधानसभा तेथे आहे, शाळा आहेत, हाऊसिंग बोर्डाच्या वसाहतीत आणि सुकूरमध्ये मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. पर्वरीची उणीव म्हणजे पाणी. पठारावरच्या घरांना उन्हाळ्यात नळाचे पाणी कमी दाबाने येते आणि मे महिन्यात टँकर फिरू लागतात. घर पाहताना मालकाला पाण्याविषयी विचारण्यात अर्थ नसतो, त्याचे उत्तर ठरलेले असते. तळमजल्यावरच्या शेजारणीला विचारावे, गच्चीवर जाऊन टाक्या मोजाव्यात, खाली साठवणीची टाकी आहे का ते पाहावे, आणि टँकरचे पैसे सोसायटी भरते की प्रत्येक घराला वेगळे पडतात हे आधीच स्पष्ट करून घ्यावे.

फोंड्याविषयी मी थोडा पक्षपाती आहे. पणजीहून फोंड्याला जाताना मांडवी आणि जुवारी यांपैकी कोणतीही नदी ओलांडावी लागत नाही. बाणास्तरीला कुंभारजुव्याचा कालवा तेवढा लागतो. पाण्याचे म्हणाल तर ओपाचा जलशुद्धीकरण प्रकल्प याच तालुक्यात आहे. मराठी माणसाला घरच्यासारखे वाटेल असे वातावरण येथे जितके आहे तितके गोव्यात अन्यत्र क्वचितच असेल: मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी आणि नागेशी ही देवस्थाने याच परिसरात आहेत, जत्रांच्या निमित्ताने गावातील हौशी मंडळी मराठी नाटके उभी करतात आणि ती पाहायला माणसे चटया घेऊन येतात. राजीव कला मंदिरात वर्षभर काही ना काही चालू असते. राहण्यासाठी कुर्टी, खडपाबांध, ढवळी आणि फर्मागुडी हे भाग पाहावेत. फर्मागुडीला अभियांत्रिकी महाविद्यालय असल्यामुळे तेथील लहान घरे जूनपूर्वीच विद्यार्थी भरून टाकतात. दोष म्हणजे पणजीचा रस्ता. भोमच्या अरुंद वस्तीतून वाहने रांगेने सरकतात, आणि तिथे एखादा मालवाहू ट्रक बंद पडला तर कार्यालयात उशीर ठरलेलाच.

म्हापसा बाजाराचे गाव आहे. शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी तेथे गाडी घालण्याच्या भानगडीत पडू नये. खोर्ली आणि दत्तवाडी हे राहण्यास बरे भाग. मडगावात फातोर्डे आणि बोर्डा येथे घरे मिळतात, रेल्वेचे मोठे स्थानक जवळ असल्याने गावी जाणे सोपे होते. वास्कोत सर्व प्रांतांचे लोक असल्यामुळे परकेपणा जाणवत नाही. परंतु बंदरावर कोळसा उतरतो, तेव्हा बंदराच्या बाजूचे घर घेण्याआधी खिडकीच्या गजांवरून बोट फिरवून पाहावे आणि दम्याचा त्रास असेल तर चिखलीकडे सरकावे. कळंगुट, कांदोळी, हणजूण या किनारी पट्ट्यात नोकरदार कुटुंबाने भाड्याने राहू नये, असे मी स्पष्ट सांगतो. पावसाळ्यात स्वस्त मिळालेले घर ऑक्टोबर उजाडला की पर्यटकांसाठी हवे असते, आणि शाळेच्या मध्यावर बिऱ्हाड हलवावे लागते.

येथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे घराची खरी परीक्षा जुलैमध्ये होते. उन्हाळ्यात घर पाहत असाल तर नव्या रंगाने भुलू नये. कपाट थोडे पुढे ओढून मागची भिंत पाहावी, नैऋत्येच्या भिंतीला हात लावावा, बाहेरच्या कुंपणावर शेवाळाची काळी रेघ किती उंचीवर थांबली आहे ते पाहावे. नद्यांलगतच्या गावांत, मेरशी-सांताक्रूझकडे विशेषतः, इमारत खाजन जमिनीवर, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल जमिनीवर, भराव घालून उभी आहे का याची चौकशी करावी. खाजनातले पाणी मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारांतून ओहोटीला बाहेर जाते. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की ते जिथल्या तिथे तुंबते, आणि मग वाहनतळातील स्कूटर वाचवण्यासाठी रात्री उठावे लागते.

मुलांच्या शाळेचा विचार घराबरोबरच करावा. सरकारी प्राथमिक शाळांत चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी माध्यम असते आणि पाचवीपासून माध्यम इंग्रजी होते. पेडणे, डिचोली, सत्तरी आणि फोंडा या तालुक्यांत मराठी शाळा सहज मिळते, मडगावच्या सासष्टी तालुक्यात शोधावी लागते. शेजाऱ्यांना आपले मराठी समजते, अनेकांच्या घरी मराठी वृत्तपत्र येते. तरी कोंकणी लवकर समजून घ्यावी आणि गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावर झालेल्या १९६७ च्या जनमत कौलाचा विषय पहिल्याच भेटीत काढू नये.

पहिल्या वर्षी घर विकत घेण्याची घाई करू नये. घ्यायचेच झाले, तर एक-चौदाचा (जमिनीच्या मालकी-कुळाच्या नोंदीचा) उतारा, जमिनीच्या रूपांतराची सनद आणि इमारतीचा भोगवटा दाखला वकिलाकडून तपासून घ्यावा, जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामूहिक मालकीच्या संस्थेची, नाही याची खात्री करावी आणि समान नागरी कायद्यामुळे मालकाच्या पत्नीची व सर्व वारसांची सही आवश्यक असते हे ध्यानात ठेवावे. भाड्याचा करार सहसा अकरा महिन्यांचा होतो. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात द्यावी लागते. त्यासाठीचा अर्ज भरायला मालक टाळाटाळ करू लागला तर दुसरे घर पाहावे. करार, भाड्याच्या पावत्या आणि वीजबिले पहिल्या महिन्यापासून एकाच फायलीत ठेवावीत, कारण येथील सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागतात, आणि आज पाळण्यात असलेल्या मुलाला तो लागेल तेव्हा मामलेदार कार्यालयात याच कागदांची विचारणा होईल.