एचआयव्हीसोबत हिपॅटायटिस सी: पहिल्या गोळीआधीची तयारी

हिपॅटायटिस सी आता पूर्ण बरा होतो. बहुतेकांना 12 आठवडे रोजच्या गोळ्या, इंजेक्शन नाही, आणि एचआयव्ही असला तरी गुण जवळपास तितकाच येतो. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे तपासणी आणि गोळ्या सरकारी केंद्रांवर मोफत आहेत. अडचण वेगळीच आहे. एचआयव्हीच्या गोळ्या (एआरटी) देणारं एआरटी सेंटर एका इमारतीत, हिपॅटायटिसचं केंद्र दुसऱ्या इमारतीत, आणि इथे काय लिहून दिलंय ते तिथे आपोआप कळत नाही. हा निरोप पोचवायचं काम पेशंटच्याच पिशवीवर येऊन पडतं, तेव्हा पिशवी नीट भरून निघा.

पिशवीत सगळ्यात आधी गोळ्या. नावं आठवून सांगण्याच्या भरवशावर राहू नका. एआरटीचा डबा, एआरटी सेंटरचं हिरवं पुस्तक, बीपी-शुगरच्या पट्ट्या, झोपेची गोळी, अ‍ॅसिडिटीची गोळी, मेडिकलवाल्याने सुटी दिलेली पुडी, सगळं तसंच्या तसं न्या. यात चुकलं तर उपचारच फसतो. हल्ली बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेली गोळी मिळते आणि तिचं हिपॅटायटिस सीच्या सोफोसबुविर-डॅक्लाटासविर या गोळ्यांशी जमतं. पण कुणी अजून एआरटीतल्या जुन्या इफाव्हिरेन्झवर असेल तर डॅक्लाटासविर 60 ऐवजी 90 मिलिग्रॅम द्यावी लागते, आणि दुसऱ्या फळीच्या (पहिली एआरटी लागू न पडल्यावरच्या) अटाझानाविर-रिटोनाविरवर असेल तर 30. डॅक्लाटासविरऐवजी व्हेल्पाटासविर लिहिली असेल तर इफाव्हिरेन्झ चालतच नाही, आणि ओमेप्राझोलसारख्या अ‍ॅसिडिटीच्या गोळीने तिचं शोषण घटतं. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर या गोळ्यांचा असर उतरतो; टीबी असेल तर सहसा आधी तो उपचार पूर्ण करतात. हृदयाच्या ठोक्यांसाठी अ‍ॅमिओडॅरोन घेत असाल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा, सोफोसबुविरसोबत नाडी धोकादायक मंद होऊ शकते. डोसचा बदल डॉक्टरच करतील. आपण घरी एआरटी थांबवून ‘लिव्हरला जरा आराम’ द्यायचा नाही.

खाजगी लिव्हरवाल्याकडे जाणारे पुष्कळजण एआरटीचा डबा घरीच ठेवतात. त्यामागची भीती मला कळते. पण वरचा परिच्छेद पुन्हा वाचा: एचआयव्ही लपवला तर डॉक्टर चुकीचा डोस लिहितील आणि त्यात दोष त्यांचा नसेल. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने माहिती गुप्त राखणं बंधनकारक केलंय, आणि उपचारात भेदभाव करायला मनाई आहे. बाहेर बाकावर नातेवाईक बसलेले असतील तर आत एकट्याने जायचं, एवढं आधीच ठरवून ठेवा.

आता कागद. ‘अँटिबॉडी पॉझिटिव्ह’ म्हणजे विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढ्यावर उपचार ठरत नाही. विषाणू आत्ता रक्तात आहे का हे आरएनए चाचणी, म्हणजे हिपॅटायटिस सीचा व्हायरल लोड सांगतो. उलट सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) फार कमी असेल तर अँटिबॉडी निगेटिव्ह येऊनही आजार असू शकतो, तेव्हा शंका असल्यास आरएनए मागून घ्या. सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एलएफटी (यकृताची तपासणी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), आयएनआर (रक्त गोठण्यासाठी) आणि पोटाची सोनोग्राफी.

यकृत किती कडक झालंय याचा पहिला अंदाज साध्या रिपोर्टांवरून घरबसल्या निघतो. त्याला फिब-4 म्हणतात. एएसटी आणि एएलटी हे एलएफटीतले आकडे, प्लेटलेट सीबीसीतला. वय गुणिले एएसटी, याला प्लेटलेट गुणिले (फक्त एएलटीचं) वर्गमूळ याने भागायचं. समजा वय 44, एएसटी 68, एएलटी 64, प्लेटलेट 1.40 लाख. सूत्रात 1.40 लाख म्हणजे 140 धरायचे, घोळ इथेच होतो. 2992 भागिले 1120, म्हणजे साधारण 2.67. हा आकडा 1.45 च्या खाली असला तर मोठी इजा असण्याची शक्यता कमी, 3.25 च्या वर असला तर बरीच. मधल्यांनी फायब्रोस्कॅनचं, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीचं, विचारावं. एचआयव्हीमुळेही प्लेटलेट उतरतात, तेव्हा आकडा पाहून रात्रीची झोप घालवू नका. तसंच अटाझानाविरने बिलिरुबिन वाढून डोळे पिवळे दिसतात. ते नेहमीच यकृत बिघडल्याचं लक्षण नसतं. मात्र पोटात पाणी, रक्ताची उलटी, काळी शी किंवा बडबड-गोंधळ असेल तर ओपीडीच्या तारखेची वाट न पाहता थेट दाखल व्हा. सिऱ्होसिस (यकृत कायमचं कडक होणं) निघाला तर औषधांची जोडी किंवा मुदत बदलू शकते. सीसाठी रिबाव्हिरिन जोडायचं ठरलं तर एआरटीतलं झिडोव्हुडिन घेताय का ते सांगा, दोन्ही मिळून रक्त कमी करतात. घरात कुणाला दिवस जाण्याचा विचार असेल तर तोही सांगा, नवरा-बायकोपैकी कुणीही पेशंट असो.

हिपॅटायटिस बीची चाचणी मात्र सोडू नका. सी मरू लागला की दबलेला बी उसळू शकतो. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन बीलाही धरून ठेवतात, म्हणून बी असलेल्याने एआरटी बदलायची वेळ आली तर हा मुद्दा स्वतःहून काढायचा. बी निगेटिव्ह असेल आणि संरक्षण नसेल तर लस घ्या. सीला लस नाही.

घरची तयारी थोडक्यात. दारू बंद, ‘फक्त बियर’सुद्धा. जमत नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा. दारू सुटत नाही म्हणून गोळ्या लांबवायचं कारण नाही. तापाला पॅरासिटामॉल चालते, पण सिऱ्होसिसमध्ये दिवसाला 2 ग्रॅमच्या वर नाही. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक टाळा. काविळीचं गावठी औषध, गळ्यातली माळ, नाकात थेंब यांच्या नादी लागू नका. गुळवेलही नको: कोरोनाच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद केली होती, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तरी आजारी यकृतावर प्रयोग कशाला? हळद-तेल तोडून नुसत्या उसाच्या रसावर राहण्याचीही गरज नाही. डाळ, अंडी, दूध खा. पाणी साचत असेल तर मीठ, लोणचं, पापड कमी. वस्तरा, नेलकटर, टूथब्रश ज्याचा त्याचा वेगळा. ताट-वाटी वेगळी करायची नाही, जेवणातून हा आजार पसरत नाही. नशेची सुई घेणाऱ्यांनी दरवेळी नवी सुई आणि नवी सिरिंज वापरावी, बरं झाल्यावरही पुन्हा लागण होते.

मग तारखा. गोळ्यांची बाटली सहसा 28 दिवसांची, म्हणजे तीन बाटल्या. दुसरी आणायची तारीख पहिली संपण्याच्या आठवडाभर आधीची लिहा, आणि जमलं तर एआरटीच्याच फेरीला जोडा. गावाला, लग्नाला जायचं असेल तर ते आधी सांगून जास्तीच्या गोळ्या मागा. शेवटच्या गोळीनंतर 12 आठवड्यांनी आरएनए पुन्हा करायचा, बरे झालात की नाही ते तेव्हाच ठरतं. बरं वाटतंय म्हणून ही फेरी टाळणारे बरेच. त्या निगेटिव्ह रिपोर्टच्या दोन-तीन झेरॉक्स काढून ठेवा, कारण अँटिबॉडी जन्मभर पॉझिटिव्ह राहू शकते आणि ऑपरेशनच्या वेळी नेमकी तीच चाचणी होते. सिऱ्होसिस असलेल्यांची दर सहा महिन्यांची सोनोग्राफी मात्र विषाणू गेल्यावरही चालूच राहते. कॅन्सरचा धोका कमी होतो, संपत नाही.