सोन्याचे नॅनोकण लाल होण्याऐवजी जांभळे पडतात? या चुका टाळा

सोन्याच्या नॅनोकणांचं (अतिसूक्ष्म कणांचं) द्रावण डाळिंबाच्या रसासारखं लाल यायला हवं होतं, आलं जांभळट. अशा वेळी पहिला संशय मापावर जातो आणि माप पुन्हा तपासलं तरी दुसरा प्रयोगही तसाच फसतो. आधी काचेकडे बघा.

१९५१ साली रसायनशास्त्रज्ञ तुर्केविच यांनी मांडलेली ही कृती दिसायला सोपी आहे: क्लोरोऑरिक आम्लाचं (सोन्याच्या क्षाराचं) पातळ द्रावण उकळायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट टाकायचं, की सोन्याचे कण तयार होतात. पण बीकरला आधीच्या प्रयोगाचा डाग किंवा बारीक ओरखडा असेल, तर सोनं पाण्यात कण होण्याऐवजी तिथेच बसायला लागतं. म्हणून सगळी काच अम्लराजाने (तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक) धुवा. फ्यूम हूडमध्येच (विषारी वायू ओढून घेणाऱ्या कपाटात), हातमोजे-चष्मा घालून, आणि उरलेलं अम्लराज झाकणबंद बाटलीत अजिबात ठेवू नका, वायू साठून ती फुटते. मग भरपूर शुद्ध पाणी. सोन्याचा क्षार स्टीलच्या चमच्याने घेऊ नका, तो धातूला खातो.

सायट्रेट थेंबथेंब सोडणं ही दुसरी चूक. द्रावण खळखळ उकळत असताना, जोरात ढवळत, एकदम ओता. म्हणजे कण एकाच वेळी जन्मतात आणि सारख्या आकाराचे होतात. सायट्रेट कमी पडलं तर कण मोठे होतात, हे संशोधक फ्रेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवलं. मध्येच रंग काळपट-निळा होतो, तेव्हा घाबरून आच बंद करू नका. दोन-चार मिनिटांत तो लालावर येतो.

तयार झालेलं द्रावण बिघडतं ते बहुधा मिठाने. थोड्या द्रावणात चिमूटभर मीठ टाकून बघा: डोळ्यांदेखत निळं. सायट्रेटमुळे प्रत्येक कणावर ऋण भार असतो, त्यानेच ते एकमेकांना दूर ठेवतात. मिठाचे आयन (भार असलेले कण) तो भार झाकतात, कण चिकटतात आणि ५२० नॅनोमीटर तरंगलांबीजवळ (हिरवा) प्रकाश शोषणारं द्रावण आता लांब तरंगलांबी शोषू लागतं. वर कितीही पाणी ओता, लाली सहसा परत येत नाही. त्यामुळे कणांवर प्रथिनं बसवायची असतील तर फॉस्फेट बफर सलाइन (प्रथिनांच्या प्रयोगांत नेहमी वापरतात ते द्रावण) सरळ ओतू नका. त्यातही मीठच आहे. आधी पृष्ठभाग प्रथिनाने झाकू द्या, मीठ नंतर, हळूहळू.

साठवण ४ अंश सेल्सिअसला करा, फ्रीजरमध्ये नको. बर्फ होताना कण उरलेल्या पाण्यात रेटले जातात आणि गोळा होतात.