मखराचे तुकडे कापताना: मायटर सॉ सांभाळून वापरायची पद्धत

श्रावण सरत आला की बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या घरांतून मखराची मापं निघायला लागतात. लातीतून, म्हणजे आपल्या वखारीतून, दोन बाय एक इंची पाइनच्या रिपा येतात, बीडिंग येतं आणि ओसरीवर मायटर सॉ, म्हणजे पातं वरून खाली आणून लाकूड सरळ किंवा तिरकं कापणारं विजेचं मशीन, मांडला जातो. वर्षभर बंद असलेलं मशीन, घाई, भोवती पोरंटोरं आणि कापायचे सगळे नग छोटे. या मशीनसाठी याहून वाईट परिस्थिती नाही, म्हणून ही माहिती मखर डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिली आहे.

आधी पातं काय करतं ते पाहू. १० इंची (२५४ मिमी) पातं मिनिटाला ४,८०० फेरे घेत असेल, तर दाताच्या टोकाचा वेग ताशी साधारण २३० किलोमीटर होतो. तुमच्या बाजूचे दात खाली येतात, खालचे दात मागे जातात आणि मागचे दात वर उठतात. म्हणजे पातं लाकडाला टेबलावर दाबतं आणि मागच्या उभ्या पट्टीवर, फेन्सवर, रेटतं. लाकूड या दोन्हींना आधीच घट्ट टेकलेलं असेल तर ते हलायला जागाच नसते. मध्ये फट असेल तर पातं ती फट एका झटक्यात भरून काढतं आणि लाकूड धरलेला हातही सोबत ओढला जातो. या मशीनवरचे बरेच अपघात असे होतात. पातं हाताकडे येत नाही, हात लाकडासोबत पात्याकडे जातो.

मशीन चार बोल्टांनी पक्कं बसवा. नुसतं जमिनीवर ठेवून उकिडवं बसून कापू नका. तोल गेला तर हात टेकायला जागा पात्याखालीच असते. १८ मिमी प्लायचा तुकडा आणि त्याखाली कमरेच्या उंचीचा घट्ट घोडा (स्टँड) एवढं पुरतं. लांब रिपेला दोन्हीकडे आधार हवा आणि तो मशीनच्या टेबलाच्या बरोबर पातळीत हवा. आधार खाली असेल तर काप संपताना तुकडा बाहेरच्या बाजूला ढळतो आणि त्याचं आतलं टोक उचलून पात्याला लागतं. वर असेल तर कापाची फट वरून मिटते आणि पातं चिमटीत सापडतं. दोन-तीन मिलिमीटरचा फरकसुद्धा पुरेसा होतो, म्हणून नजरेवर न जाता सरळ पट्टी आडवी ठेवून बघा.

१,८०० वॅटचं मशीन जवळपास ८ अँपिअर ओढतं. त्याला अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा पॉवर सॉकेट लागतो, पंख्याच्या प्लगवर ते चालवू नये. एक्स्टेन्शन लागलीच तर २.५ चौरस मिमीची तार घ्या आणि रीळ पूर्ण उलगडून टाका. गुंडाळलेली तार तापते, शिवाय विजेचा दाब (व्होल्टेज) पडला की मोटर दमते आणि काप अर्ध्यात अडकतो. मध्येच वीज गेली तर सर्वात आधी प्लग काढायचा.

पात्याबाबत काटकसर करू नका. बारीक कामाला १० इंचात ६० ते ८० दातांचं पातं लागतं. दातांचा कल शून्य किंवा थोडा उलटा, उणे ५ अंशांच्या आसपास, असावा. टेबल सॉचं १५-२० अंश पुढे झुकलेल्या दातांचं पातं इथे बसवलं, तर ते लाकडात स्वतःहून चढतं आणि हँडल हातातून ओढून घेतं. पात्यावर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त असला पाहिजे. लोखंड कापायची घासचकती या मशीनला कधीच लावू नका, ठिणग्या थेट भुशाच्या पिशवीत जातात.

पातं बदलताना प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवा. बहुतेक मायटर सॉवर पात्याच्या बोल्टाला उलटे आटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवला की तो सैल होतो. जोर लावूनही सुटत नसेल तर आधी दिशा तपासा. पात्यावरचा बाण आणि कव्हरवरचा बाण एका दिशेला हवेत. बसवून झाल्यावर बाजूला उभं राहून मशीन मिनिटभर रिकामं चालवा. पात्याच्या खालच्या भागावरचं झाकण आपोआप उघड-मीट होतं का तेही याच वेळी बघा. भुसा चिकटून ते अडकत असेल तर साफ करा. दोरीने वर बांधून ठेवायची सवय काही कारागिरांना असते, ती मोडलीच पाहिजे.

डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा आणि कानांवर आवाज अडवणारा मफ हवा, आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो. भुशासाठी एन-९५ मास्क घाला. लाकडाचा भुसा कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे आणि एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या, भुशात चिकट रेझिनही असतं. हातमोजे मात्र घालू नका, दात कापडाला पकडतात आणि कापडासोबत बोटंही जातात. कडं, अंगठी, घड्याळ, लोंबती ओढणी काढून ठेवा. राखी पौर्णिमेपासून गणेश चतुर्थी तीन आठवड्यांहूनही जवळ असते, त्यामुळे मखराच्या दिवसांत पुष्कळांच्या मनगटावर राखी असतेच. गोंडे असलेली राखी मशीनवर नको.

आता लाकूड. जुन्या वाड्याचं सागवान हाती आलं असेल तर आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. पात्याच्या दातांवरचं कार्बाइड खिळ्यावर आपटलं की तुटून उडतं. रीप वाकडी असेल तर फुगीर बाजू फेन्सला लावा आणि ज्या रेषेवर काप येणार तिथे फट नाही ना ते बघा. पोकळ बाजू फेन्सला लावली तर काप संपता संपता दोन्ही तुकडे आत वळून पातं आवळतात. संखेड्याच्या कातीव खांबांसारखा गोल नग सपाट टेबलावर कापायचाच नाही. दात लागताच तो फिरतो. ठोकळ्यात इंग्रजी व्हीसारखी खाच करून त्यात नग बसवा आणि क्लॅम्प लावा.

प्रत्यक्ष काप असा घ्या. मशीन बंद असताना त्याचं डोकं, म्हणजे मोटर आणि पातं असलेला वरचा भाग, एकदा पूर्ण खाली आणून बघा. क्लॅम्पला काही लागतं का, पातं तिरकं केलं असेल तर फेन्सचा वरचा भाग सरकवला आहे का, हे इथेच कळतं. पात्याच्या दोन्ही बाजूंना १५० मिमीवर टेबलावर लाल रेघ मारा, त्या रेघेच्या आत हात नाही. डाव्या हाताने डावीकडचं लाकूड धरायचं, उजव्या हाताने हँडल. हातांची कैची कधीच करायची नाही. पात्याच्या रेषेत उभे राहू नका, थोडे बाजूला राहा. बटण दाबल्यावर पूर्ण वेग येईपर्यंत एक-दोन सेकंद थांबा. मग दोन इंची रिपेला दोन-तीन सेकंद लागतील अशा चालीने डोकं खाली आणा. आवाज जड झाला तर हात हलका करा. कापलेली कड काळी पडत असेल तर पातं बोथट आहे किंवा हात फार संथ आहे.

काप पूर्ण झाला की बटण सोडा आणि डोकं खालीच धरून ठेवा. पातं पूर्ण थांबू द्या, मगच वर उचला. ही एक गोष्ट सगळ्यांत जास्त टाळली जाते. बीडिंगचा दोन इंची तुकडा कापून पात्याशेजारी सुटा पडलेला असतो. फिरतं पातं वर उचललं की मागचे दात त्या तुकड्याची कड पकडतात, तुकडा आडवा होतो, पातं आणि फेन्स यांच्यात अडकतो आणि गोळीसारखा उडतो.

डोकं पुढेमागे सरकणाऱ्या मशीनवर रुंद फळी कापताना डोकं आधी स्वतःकडे ओढा, मग बटण दाबा, खाली आणा आणि मागे ढकलत कापा. ओढत कापलं तर पातं लाकडावर चढून तुमच्याकडे धावतं.

२०० मिमीपेक्षा लहान नग हाताने धरून कापू नका. मोठ्या रिपेतून शेवटचे तुकडे काढताना हा मोह होतोच. तिथे क्लॅम्प लावा, नाहीतर ते टोक टाकून द्या. एकाच मापाचे बरेच तुकडे हवे असले की लोक ठोकळा अटकाव म्हणून लावतात. ठोकळा आणि क्लॅम्प एकाच बाजूला असावेत आणि कापून सुटणारा तुकडा मोकळ्या बाजूला पडू द्यावा. तो ठोकळा आणि पातं यांच्यामध्ये कोंडला तर सुटायला त्याला वरचीच वाट राहते.

अष्टकोनी प्रभावळीला आठ तुकडे, सोळा काप, प्रत्येकी २२.५ अंशांचा. प्रत्येक कापात पाव अंश चुकला तर शेवटच्या जोडात ४ अंशांची फट येते. ती बुजवायला लोक हातात तुकडा धरून कागदाइतकी चकती काढायला जातात आणि बोट तिथेच जातं. म्हणून सुरुवातीलाच मशीन गुण्यात आणा, म्हणजे पातं फेन्सशी बरोबर काटकोनात आणा. शून्यावर सरळ कडांची पट्टी कापा, एक तुकडा उलटा करून दोन्ही तुकडे पुन्हा फेन्सला टेकवा आणि कापलेल्या कडा एकमेकींशी जुळवा. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, फेन्सचे बोल्ट सैल करून तिच्या निम्म्याने सरकवा.

पातं अडकलं तर बटण सोडा, प्लग काढा, मगच तुकड्याला हात लावा. चालू पात्याजवळचा भुसा आणि ढलप्या काठीनेही सारू नका.

बोट कापलंच तर जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब ठेवा, हात वर धरा आणि १०८ लावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तो भाग थेट बर्फावर ठेवायचा नाही, गारठ्याने पेशी मरतात. अपघाताची वेळ कागदावर लिहून डॉक्टरांना द्या.