विमानातून फोटो काढताय? मग या चुका टाळा

इथे कॅलिफोर्नियात, बे एरियात आपली बरीच मराठी मंडळी हल्ली प्रायव्हेट पायलट लायसन्स काढतायत, बघून खरंच छान वाटतं. पण लायसन्स हातात पडलं की पुढच्याच वीकेंडला क्लबचं सेसना १७२ हे छोटं विमान घ्यायचं, मांडीवर कॅमेरा ठेवायचा आणि गोल्डन गेटकडे निघायचं, हे जे चाललंय ना त्यावर आता लिहायलाच हवं. त्याच त्याच चुका बघून वैताग आलाय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे विमानही मीच उडवणार आणि फोटोही मीच काढणार.

मागे एकदा एका मित्राबरोबर हाफ मून बेच्या दक्षिणेला पिजन पॉइंटच्या दीपगृहाकडे गेलो होतो. त्याचं लायसन्स अगदी नवीन. ठरलं असं होतं की तो उडवेल, मी उजवीकडे बसून फोटो काढेन. माझे काढून झाले तेव्हा हा म्हणाला, "थांब रे, माझ्या बाजूने एकच काढतो," आणि डावी खिडकी उघडून कॅमेरा डोळ्याला लावून डावं वळण सुरू केलं. आता काय होतं बघा, दीपगृह फ्रेममधून मागे सरकायला लागतं म्हणून माणूस नकळत बँक, म्हणजे विमानाचा कल, वाढवतो, बँक वाढली की उंची जाते म्हणून योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, मागे ओढतो, तेवढ्याने स्पीड उतरतो, आणि डोळा व्ह्यूफाइंडरला असल्यामुळे यातलं काहीच त्याला दिसत नाही. वर समुद्राकडून वारा, तो विमानाला जमिनीकडे ढकलतोय, म्हणून वळण अजून आवळलं. नव्वद नॉटवरून आम्ही सत्तरच्या खाली आलो, बँक पंचेचाळीस अंशांच्या पुढे, आणि स्टॉल हॉर्न, म्हणजे पंखांची उचल आता संपणार याचा भोंगा, वाजायला लागला. मी "माय कंट्रोल्स" म्हणून योक पुढे केला, फुल पॉवर दिली, पंख सरळ केले. तो माझ्याकडे बघून विचारतो, "काय झालं? फ्रेम मस्त बसली होती!" हॉर्न त्याला ऐकूच आला नव्हता. कान चांगले आहेत त्याचे, पण लक्ष पूर्ण फ्रेममध्ये असलं की डोक्यात दुसरं काही शिरतच नाही.

१७२ फ्लॅप्स (पंखांमागच्या झडपा) वर असताना सरळ उड्डाणात ४८ नॉटच्या आसपास स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल जाऊन खाली पडायला लागतं. तेच ४५ अंशांच्या वळणात उंची धरून ठेवली तर ५७ला आणि ६० अंशांत ६८ला. हे सगळ्यांनी परीक्षेसाठी पाठ केलेलं असतं. पण हजार फुटांवर स्पिन लागला, म्हणजे स्टॉल होऊन विमान गरगरत पडायला लागलं, तर सावरायला जागाच उरत नाही. अलास्कात मूस (मोठं हरीण) बघायला गोल गोल फिरताना इतके पायलट असे पडलेत की तिथे "मूस स्टॉल" हा शब्दच रूढ झालाय.

माझी पद्धत साधी आहे. उडवणारा कॅमेऱ्याला हात लावत नाही. बरोबर कोणी नसेल तर कॅमेरा बॅगेत, बॅग मागच्या सीटवर, मांडीवर नाही. ज्याचा फोटो हवा त्याच्याभोवती घिरट्या नाहीत, बाजूने सरळ रेषेत जायचं, पुढे लांब वळण घ्यायचं, परत यायचं. बँक तीसच्या वर नाही, आणि फोटोवाल्याने "अजून थोडं वळव ना" म्हणायचं नाही. वेळ जास्त लागतो, इंधनही जास्त जातं. घाई असेल त्याने जमिनीवरून काढावेत.

दुसरी चूक जिवावर बेतत नाही पण बघवत नाही. सॅन कार्लोसच्या एअरपोर्टवर हिलर म्युझियमच्या बाजूने रनवे छान दिसतो, तिथे उभं राहून लोक उडणाऱ्या प्रॉपच्या, म्हणजे पंख्याच्या, विमानांचे फोटो १/२००० सेकंद शटरवर काढतात आणि पंखा एकदम गोठलेला येतो, विमान इंजिन बंद पडून हवेत लटकल्यासारखं दिसतं. गणित करा ना. २४०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला २४०० फेऱ्या, म्हणजेच सेकंदाला ४०. १/१००० मध्ये पंखा जेमतेम १४ अंश फिरतो, १/१२५ मध्ये ११५ अंश, आणि दोन पात्यांच्या पंख्याची पूर्ण चकती हवी तर १/८० लागतो. मग हात हलतो, दहातले आठ फोटो जातात, हो जातात, पॅनिंग, म्हणजे विमानाबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढणं, असंच शिकतात. रस्त्यावरच्या गाड्यांवर सराव करा. सॉफ्टवेअरमध्ये पंखा फिरवून देणारे प्रकार मला अजिबात पटत नाहीत. जेट असेल तर १/१००० खुशाल ठेवा.

बाकीचं पटापट. खिडकी बंद असेल तर पोलरायझर (चमक कमी करणारा लेन्सचा फिल्टर) काढा, प्लास्टिकच्या काचेवर इंद्रधनुष्याचे पट्टे येतात. लेन्स काचेला टेकवू नका, कोपर दाराला टेकवू नका, इंजिनची सगळी थरथर फोटोत येते. गडद शर्ट घाला, पांढरा काचेत दिसतो. उघड्या खिडकीतून लेन्स बाहेर काढायची नाही, लेन्सचा हूड उडून विमानाच्या शेपटीवर आदळतो. लेन्स कॅप खिशात, पायाजवळच्या रडर पेडलखाली गेली तर फार महागात पडेल.

दोन विमानांचा फोटो हवा म्हणून रेडिओवरच "चल, मी तुझ्या शेजारी येतो" असं ठरवू नका. दोन्ही पायलटांनी आधी ठरवल्याशिवाय फॉर्मेशन करणं, म्हणजे विमानं जवळजवळ उडवणं, इथल्या नियमात बसतच नाही. आणि ठरवणं म्हणजे जमिनीवर बसून, कागदावर: लीड कोण, म्हणजे पुढे कोण उडणार, आणि दुसरं विमान दिसेनासं झालं तर कोण कुठे वळणार. फॉर्मेशन शिकलेला पायलट नसेल तर तो फोटो सोडून द्या.

संध्याकाळच्या प्रकाशाच्या मोहात हाफ मून बेला उशिरापर्यंत थांबू नका, उन्हाळ्यात समुद्रावरचं धुकं बघता बघता रनवे झाकतं. परतीचा दुसरा एअरपोर्ट आधीच ठरवा आणि तेवढं इंधन ठेवा.

कोणी म्हणालं "माझ्या घराचा वरून फोटो काढून दे, पैसे देतो", तर सरळ नाही म्हणा. प्रायव्हेट लायसन्सवर उडवण्याचे पैसे घेता येत नाहीत. सोबत बसलेल्यांबरोबर खर्च वाटून घेता येतो, पण आपला वाटा आपणच भरायचा.

आणि सुट्टीत पुण्याला गेलात तर इथली सवय तिथे नेऊ नका. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा तळ आहे. क्रूने फोटो काढू नका सांगितलं की कॅमेरा आत ठेवा, वाद घालू नका.