मुलांना २०० फ्लाय, ४०० मेडलेत उतरवताना या चुका टाळा

पोहण्याच्या स्पर्धेत १०० मीटर बटरफ्लायची (थोडक्यात फ्लाय; दोन्ही हात एकत्र पाण्यावरून पुढे टाकायचा स्ट्रोक) वेळ चांगली आली की पुढच्याच स्पर्धेच्या अर्जात २०० मीटर फ्लायवर खूण होते. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. घड्याळ वेग दाखवतं. दमल्यावर स्ट्रोक टिकला की मोडला, हे दाखवत नाही. अवघड शर्यतीची तयारी ओळखायची ती शेवटच्या २५ मीटरवरून.

फ्लाय नेमकं कुठे मोडतं ते पाहा. एका स्ट्रोकमागे दोन किक असतात. पहिली हात पाण्यात शिरताना, दुसरी हात मांडीपाशी ढकलून बाहेर निघताना. दमलेलं मूल बहुतेक वेळा आधी ही दुसरी किक सोडतं. ती गेली की हात बाहेर काढायला जोर उरत नाही. मग श्वासासाठी डोकं उशिरा आणि जास्त वर येतं, कंबर बुडते, पाण्याचा अडथळा वाढतो आणि सगळा भार खांद्यांवर पडतो. शेवटी एखादा हात पाण्यातूनच ओढला जातो किंवा भिंतीला एक हात आधी लागतो, आणि पंच बाद ठरवतात. 'स्टॅमिना कमी पडला' म्हणून अशा मुलाला सरावात आणखी लांब फ्लाय पोहायला लावणं ही दुसरी चूक. त्यातून मोडका स्ट्रोकच अंगवळणी पडतो.

त्याऐवजी ही चाचणी घ्या. २५ मीटरच्या तलावात ४ वेळा ५० फ्लाय, मध्ये २० सेकंद विश्रांती. प्रत्येक लेंग्थचे, म्हणजे तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे, स्ट्रोक मोजा. पहिल्या लेंग्थला १० लागले आणि शेवटच्या लेंग्थला १२, तर ठीक. १५ लागले तर अजून वेळ आहे. शेवटचे २५ मीटर मोबाइलवर टिपा, तेही लेनच्या टोकाला उभं राहून, समोरून. बाजूने कंबर दिसते, पण दोन हातांतला फरक समोरूनच कळतो. नीट जमलं की विश्रांती १० सेकंदांवर आणा. एका चांगल्या दिवसावर निर्णय घेऊ नका; दोन-तीन आठवड्यांत तीनदा जमू द्या.

४०० मेडलेत, म्हणजे बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि फ्रीस्टाइल या क्रमाने प्रत्येकी १०० मीटर पोहायच्या शर्यतीत, चूक वेगळी होते. फ्लाय आणि फ्री जोरात आहे म्हणून नाव दिलं जातं आणि शर्यत अडते मधल्या २०० मीटरला, बॅक आणि ब्रेस्टमध्ये. म्हणून मुलाचा सगळ्यात कच्चा स्ट्रोक पाहा. त्याच स्ट्रोकचे सलग २०० मीटर नियमात राहून पोहता येत नसतील, तर २०० मेडलेच पुरे. फ्लायपासून मेडलेकडे जायची ती उत्तम पायरी आहे, आणि घाई करणारे नेमकी तीच गाळतात. दुसरं म्हणजे पहिले १०० फ्लाय. मूल ते आपल्या सर्वोत्तम वेळेच्या आसपास पोहलं तर पुढचे ३०० मीटर नुसते ओढत न्यावे लागतात. सरावात त्याला सर्वोत्तम वेळेपेक्षा ६ ते ८ सेकंद सावकाश पोहायला शिकवा. लहान मुलांना जोर लावण्यापेक्षा जोर राखणं अवघड जातं.

मेडलेतले टर्नही (भिंतीपाशी वळणं) वेगळे शिकवावे लागतात. बॅकवरून ब्रेस्टला जाताना पाठीवर असतानाच भिंतीला हात लागला पाहिजे. मुलं घाईत आधीच पालथी होतात आणि बाद ठरतात. फ्लाय आणि ब्रेस्ट संपवताना दोन्ही हात एकाच वेळी लागायला हवेत. हे टर्न ताज्या दमाने नाही, सरावाच्या सेटच्या शेवटी करून घ्या.

८०० किंवा १५०० फ्रीसाठी आधी ४०० ची स्प्लिट, म्हणजे प्रत्येक १०० मीटरची वेगळी वेळ, काढा. दुसऱ्या आणि तिसऱ्या १०० मध्ये २-३ सेकंदांचा फरक असेल तर मुलाला पेस, म्हणजे सारखा वेग राखणं, कळतो. ६-७ सेकंदांचा असेल तर अंतर वाढवून काही सुधारणार नाही. आधी १० वेळा १००, प्रत्येकानंतर १५ सेकंद विश्रांती, आणि सगळ्यांच्या वेळांतला फरक २ सेकंदांच्या आत, एवढं साधू द्या.

वय पाहून ठरवणंही फसतं. एकाच वयाच्या दोन मुलांची वाढ सारखी नसते. उंची झपाट्याने वाढत असताना हातपाय लांब होतात आणि स्ट्रोकचं टायमिंग बिघडतं; कालपर्यंत जमणारं फ्लाय अचानक जड वाटायला लागतं. हा आळस नव्हे. या काळात नवी अवघड शर्यत देऊ नका, ५० आणि १०० वरच राहा. खांद्याच्या पुढच्या बाजूला दुसऱ्या दिवशीही दुखत असेल तर फ्लाय थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. 'पोहता पोहता मोकळा होईल' असं म्हणून पुढे रेटू नका.

स्पर्धक कमी आहेत, पदक सहज मिळेल, म्हणून नाव देणं तर नकोच. पहिल्याच वेळी २०० फ्लाय आणि ४०० मेडले एकाच दिवशीही नकोत. नाव देण्याआधी मुलाला विचारा, "तिसऱ्या ५० ला काय करशील?" त्याच्याकडे स्वतःचं काही उत्तर हवं, 'जोरात पोहेन' हे उत्तर नव्हे.

शर्यत फसलीच तर त्याच दिवशी कोचकडून बाद होण्याचं नेमकं कारण लिहून घ्या: कोणता टर्न, कितवी लेंग्थ. मग ६ ते ८ आठवडे १०० फ्लाय आणि २०० मेडलेवर परत जा, तेवढाच भाग दुरुस्त करा, आणि ४ वेळा ५० ची चाचणी पुन्हा घ्या.